ही चित्रफीत आपल्या देशात उपलब्ध नाही

स्टुटगार्ट
८ जानेवारी २०२५

रत्नाकर भैया,

तुम्हाला 'भैया' आवडत नाही, ठाऊक आहे. पण रायपूरच्या अख्ख्या तात्यापाऱ्यात तुम्हाला दुसरं काही कोणी म्हटलं नाही, मग मी बहात्तराव्या वर्षी नवीन काय शोधू? दिवाळीच्या शुभेच्छांच्या ईमेलपलीकडे आपण एकमेकांना कधी काही लिहिलं नाही. आज लिहून राहिले, कारण काम आहे.

त्र्याहत्तर सालचे ते मुंबईचे फिल्मवाले आठवतात का? महाराष्ट्राबाहेरच्या मराठी नाटकांवर माहितीपट काढायचा म्हणून आले होते आणि आपलं 'सुनेचं सामान' पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत चित्रित करून गेले. पुढे त्याचं काही झालंच नाही, असं आपण समजत होतो. ती रिळं सापडली आहेत. 'रंगपेटी' नावाच्या संकेतस्थळानं ती साफसूफ करून लोकांसाठी ठेवली आहेत. यादीत मी स्वतः वाचलं: रायपूर, १९७३. खाली निरंजनदादाचं नाव आहे. माझंही आहे, माहेरचं.

बटण दाबलं तर काळा चौकोन आला आणि त्यात पांढरी अक्षरं: 'ही चित्रफीत आपल्या देशात उपलब्ध नाही आहे.' हक्कांचा काही करार आहे म्हणे, फक्त भारतात दाखवायचा. माझ्या मुलाला, ओजसला, मराठी सगळं कळतं, पण उत्तर देतो माझ्याच तोंडून उचललेल्या रायपुरी हिंदीत. तो म्हणाला, "अरे मम्मी, टेन्शन काहून घेती हो?" आणि त्यानं व्हीपीएन बसवून दिलं. म्हणजे असा आडमार्ग, की मी बसायचं इथे आणि संकेतस्थळाला वाटायचं मी मुंबईत आहे. पुन्हा बटण दाबलं. आता नवीन पाटी आली: 'आपण व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरत असल्याचे आढळले आहे. कृपया ते बंद करून पुन्हा प्रयत्न करा.' बंद केलं की मी परदेशी, चालू केलं की मी लबाड. दोन्ही पाट्यांच्या मध्ये उभं राहायला जागाच नाही.

दादा भनपुरीला ट्रकखाली गेला त्याला या वर्षी पन्नास वर्षं होतील. एक फोटो आहे, स्टुडिओतला, खुर्चीत बसलेला. त्यामुळे चेहरा राहिला. पण तो चालायचा कसा, ते माझ्याकडून गेलं. मागच्या हिवाळ्यात एकदा डोळे मिटून आठवायला बसले, तर दादा खुर्चीतून उठला आणि तिथेच थांबला. पुढे पाऊल टाकेना.

तुम्ही भारतात आहात. तुम्हाला ते दिसेल. बघून मला सांगाल का, तो कसा चालतो?

इरावती


तात्यापारा, रायपूर
१५ जानेवारी २०२५

इरावती,

तुझ्या नावापूर्वी कोणता शब्द योजावा याचा निर्णय न झाल्याने नाव एकटेच ठेवले आहे. 'चिरंजीव' आता तुला शोभणार नाही आणि 'श्रीमती' लिहिताना माझा हात अडखळला. उणीव माझी आहे; रूढीकडे शब्द पुष्कळ आहेत.

तुझ्या पत्रात 'लिहून राहिले' असे रूप आले आहे. इतकी वर्षे जर्मनीत काढूनही ते टिकले याचे नवल वाटले. एरवी मी ते दुरुस्त केले असते. संकेतस्थळाच्या पाटीवरील 'उपलब्ध नाही आहे' यातील 'आहे' मात्र सर्वस्वी अनावश्यक असून तसे मी त्यांस कळविले आहे. उत्तर आलेले नाही.

व्हीपीएनविषयी माझे मत स्पष्ट आहे. स्टुटगार्टमध्ये बसून 'मी मुंबईत आहे' असे सांगणे हे असत्यकथन होय. ते यंत्राकडून वदविले म्हणून त्याचे स्वरूप पालटत नाही. त्यांनी तुला अडविले ते योग्यच केले, एवढे कठोर वाक्य लिहितो आणि पुढे जातो.

मी रीतसर नोंदणी केली. त्यापूर्वी वापराच्या अटी वाचल्या. त्या पुष्कळ आहेत. माझी पुतणी श्रावणी वरच्या मजल्यावर राहते, नव्या रायपुरातील एका कार्यालयात नोकरी करते; ती चहा घेऊन आली तेव्हा मी मध्यावर होतो.

"काका, हे कोणी वाचते का? सीधा नीचे जाओ, टिक मारो, हो गया!"

"सही करण्यापूर्वी मजकूर वाचावयाचा असतो."

"पण ही सही कुठे आहे? चौकोन आहे फक्त."

"चौकोनानेही होकारच मागितला आहे ना?"

"हव काका. वाचा तुम्ही. मी तोवर चीला करून आणते, थंड झाला तर मले म्हणू नका."

चीला थंड झाला. अटी संपल्यानंतर मी होकार दिला व चित्रफीत पाहिली.

निरंजन आहे. स्पष्ट दिसतो. प्रत मध्यम असली तरी ओळखण्यात कोठेही शंका राहत नाही. सविस्तर लिहावयाचे आहे. परंतु ते एका बैठकीत लिहिण्यासारखे नाही. थोडा अवधी दे.

रत्नाकर


स्टुटगार्ट
१६ जानेवारी २०२५

रत्नाकर भैया,

दिसतो? स्पष्ट दिसतो? आणि तुम्ही पुढे 'थोडा अवधी दे' लिहिता? तुम्ही बदलला नाहीत हो. तालमीत मी नुसता श्वास घेतला तरी विंगेतून तुम्ही पुढचा शब्द पुरवायचे. आमचा प्रॉम्प्टर नटाच्या आधी धावतो, म्हणून दादा तुम्हाला चिडवायचा. आणि आता मीच शब्द मागून राहिले तर तुम्ही गप्प!

असत्यकथनाबद्दल सांगते. परवा मी मुंबईत होते, काल ओजसनं मला चेन्नईत नेलं. चेन्नईत नेल्याबरोबर पडद्यावर कांजीवरमच्या जाहिराती यायला लागल्या, तेवढा एकच फायदा झाला. 'रंगपेटी'नं दोन्ही ठिकाणी ओळखलं. त्यांच्याकडे म्हणे या आडमार्गांच्या पत्त्यांची यादीच असते, दारावरच्या माणसासारखी. मी त्यांना पत्रही लिहिलं: बाई, मी त्या नाटकातली सून आहे, मला माझंच काम बघू द्या. फार नम्र उत्तर आलं. माझ्या भावना ते समजू शकतात, परंतु.

भैया, खरं सांगू? ओजस मला मुंबई नि चेन्नईत दाखवतो ते खोटं असेल. पण यादीत रायपूर असतं आणि मी त्यावर बोट ठेवलं असतं, तर ते खोटं झालं असतं असं मला वाटत नाही. यादीत रायपूर नाही.

एक सोपा उपाय आहे. श्रावणीला सांगा, मला व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन संगणकासमोर धरायचा. बस. चित्र हललं तरी चालेल, आवाज नाही आला तरी चालेल. मला फक्त तो चालताना बघायचा आहे.

इरावती


तात्यापारा, रायपूर
९ फेब्रुवारी २०२५

इरावती,

तुझी सूचना मी विचारात घेतली. अटींच्या अकराव्या कलमात असे स्पष्ट लिहिले आहे की, सदस्याने चित्रफितीचे कोणत्याही साधनाने पुनर्मुद्रण अथवा पुनःप्रक्षेपण करू नये. फोन समोर धरणे हे पुनःप्रक्षेपणच होय. हे कलम मी वाचलेले आहे. न वाचता होकार देणारा मनुष्य कदाचित निर्दोष ठरेल. मला ती सवलत नाही.

म्हणून लिहितो. शक्य तितके नेमके लिहितो, म्हणजे पाहण्याची गरज उरू नये.

चित्र कृष्णधवल आहे. कॅमेरा डाव्या विंगेच्या तोंडाशी ठेवला होता. त्यामुळे प्रेक्षकांना जे दिसत नसे तेही तिरके दिसते: उजव्या विंगेतील पाण्याचा माठ, त्यावरील पितळी पेला, दोरीस अडकविलेला कंदील. पडद्यावर गंगाधररावांनी स्वतः रंगविलेले तुळशीवृंदावन आहे. गंगाधररावांनी नाटक लिहिले उत्तम. वृंदावन मात्र टपालपेटीसारखे दिसते, हे तेव्हाही आपण म्हणत होतो व ते खरेच होते.

निरंजन सासऱ्याच्या भूमिकेत आहे. केस सफेद्याने पांढरे केले आहेत. हातात गुढियारीच्या मालधक्क्यावरून आणलेली काठी आहे. ती त्याने परत केली नाही, म्हणून धक्क्यावरचा चौकीदार पुढच्या प्रयोगास फुकट येऊन पहिल्या रांगेत बसला होता. तिन्ही अंकांत निरंजन वृद्धासारखा चालतो. कमरेत वाकून, काठी आधी, पाय नंतर. ती चाल त्याची नव्हे. मी निराश झालो. तुला काय कळवावे असा विचार करीत होतो.

परंतु शेवटी पडदा पुन्हा उघडतो व सर्व नट अभिवादनासाठी येतात. तेव्हा निरंजन काठी मागे टाकतो आणि आतून रंगमंचाच्या मध्यापर्यंत स्वतःसारखा चालत येतो. ते चालणे असे आहे: डावा खांदा किंचित पुढे, जणू अरुंद दारातून निघाला आहे. पाऊल उचलण्यापूर्वी टाच जमिनीला जराशी घासते. मान ताठ, आणि चेहऱ्यावर असा भाव की मागून कोणी हाक मारीत आहे व त्याने ती न ऐकण्याचे ठरविले आहे. उजवा हात खिशात घालावयास जातो. अंगात नाटकाची बंडी असते, तिला खिसा नाही. हात तेथे थोडा वेळ खिसा शोधतो. मग तो हसतो आणि तोच हात तुझ्या डोक्यावर ठेवतो. तू मान बाजूला घेतेस, कारण केसांत गजरा आहे.

हा भाग मी अनेकदा पाहिला. वर्णनात चूक नाही.

तुझे काम चांगले आहे. दुसऱ्या अंकात 'हिशेब' हा शब्द तू 'हिसाब' असा उच्चारला आहेस. लोक हसले नाहीत, कारण निम्मे प्रेक्षक तसाच उच्चारीत. तिसऱ्या अंकाच्या अखेरीस तू ट्रंक घेऊन दाराशी येतेस व थांबतेस. तेथे सुनेच्या तोंडी एक वाक्य आहे. ते ऐकू येत नाही. त्या ठिकाणी ध्वनिमुद्रण सदोष असावे. नंतर तू निघून जातेस.

एवढेच.

रत्नाकर


स्टुटगार्ट
१२ फेब्रुवारी २०२५

रत्नाकर भैया,

तो खिसा. ते वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दादाच्या उजव्या खिशात नेहमी भाजलेले फुटाणे असायचे, तुम्हालाही द्यायचा. तुमचं पत्र हातात घेऊन मी बैठकीच्या खोलीत चालून पाहिलं, खांदा पुढे काढून, टाच घासत. ओजसनं बघितलं. म्हणाला, "मम्मी, घुटना दुख रहा है क्या?" मी म्हटलं, हो.

आता तो चार पावलं टाकतो. डोळे मिटले की खुर्चीतून उठतो आणि चालतो. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण भैया, तो चालतो तो तुमच्या शब्दांनी चालतो. मला भीती वाटते की थोड्या दिवसांनी मला दादाऐवजी तुमची वाक्यं आठवतील. तुमची वाक्यं फार पक्की असतात हो, हलतच नाहीत.

आणि ते तिसऱ्या अंकातलं. तिथे आवाज नाही, ठीक. पण चित्र तर असेल ना? मी दाराशी उभी आहे तेव्हा काय दिसतं? तुम्ही माठ सांगितला, पेला सांगितला, आणि तिथे दोन ओळींत आटोपलंत. मला ते बघायचं आहे. काहून, ते आत्ता नाही सांगत.

एकदाच फोन धरा. फक्त ते दोन तुकडे, अकरावं कलम मोडल्याचं पाप माझ्या नावावर लिहा. मी आले असते हो तिकडे. गुडघे बदलून घेतले आहेत, चालता येतं. पण आमचं घर विकून झालं, दादा नाही, आई-बाबा नाहीत. रायपूरला येऊन मी उतरू कोणाकडे? हॉटेलात राहून तात्यापाऱ्यात पाहुण्यासारखी फिरू? तेवढं धैर्य माझ्यात नाही.

उत्तराची वाट बघते.

इरावती


तात्यापारा, रायपूर
२ मार्च २०२५

इरावती,

कलम अकरा माझ्या दृष्टीने बंधनकारक आहे. पाप दुसऱ्याच्या नावे लिहिण्याची सोय त्यात नाही.

तिसऱ्या अंकात जे दिसते ते मी लिहिले आहे. त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

प्रकृतीस जपावे.

रत्नाकर


दिल्ली विमानतळ
२१ सप्टेंबर २०२५

रत्नाकर भैया,

मार्चनंतर मी तुम्हाला लिहिलं नाही. रागावले होते. म्हटलं, एवढा शहाणा माणूस, आणि चौकोनात मारलेली एक टिक त्याला माझ्यापेक्षा मोठी! मग घर आवरण्यात दिवस गेले. ओजसची बदली सिंगापूरला झाली आहे आणि मी त्याच्याबरोबर चालले आहे, कायमची. वाटेत दिल्लीला विमान बदलायचं आहे. बाहेर पडायचं नाही, व्हिसा नाही; एका विमानातून उतरायचं, काचेच्या आत बसायचं आणि दुसऱ्यात चढायचं.

मी आत्ता त्या काचेच्या आत आहे. म्हणजे मी भारतात आहे, भैया. बेचाळीस क्रमांकाच्या फाटकाजवळ, खुर्चीवर.

बसल्याबरोबर फोन काढला. 'रंगपेटी' उघडली. पाटी तीच: आपल्या देशात उपलब्ध नाही! मी ओजसला म्हटलं, अरे, हा आपलाच देश आहे ना? तो म्हणाला, सिम जर्मन आहे, त्याचा रस्ता अजून घरूनच जातो. आपण दिल्लीत असलो तरी फोन स्टुटगार्टमध्येच आहे. मग तो जाऊन एका यंत्रापुढे माझा पासपोर्ट धरून विमानतळाच्या वायफायचं कूपन घेऊन आला. ते घातलं. पुन्हा दाबलं. काळा चौकोन आला, मी डोळे मिटून घेतले. आणि घंटा वाजली. आपल्या सभागृहाची, भैया. ती फुटकी घंटा.

मी सगळं बघितलं. शेजारी एक सरदारजी बसले होते, त्यांनी मला रुमाल दिला आणि विचारलं, "बहनजी, सब ठीक?" मी म्हटलं, "मेरा भाई है."

दादा तुम्ही लिहिलात तसाच चालतो. खांदा, टाच, खिसा. तुमच्या एकाही शब्दात चूक नाही. फक्त एक गोष्ट शब्दांत आली नव्हती, आणि ती मी तुम्हाला सांगू शकणार नाही, कारण ती मलाही शब्दांत येत नाही. तो चालतो, एवढंच.

आता दुसरं.

तुम्ही माठ लिहिला. पेला लिहिला. दोरीला अडकवलेला कंदील लिहिला. माठ आहे, कंदील आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये पुस्तक हातात घेऊन एक सव्वीस वर्षांचा माणूस उभा आहे, पांढऱ्या सदऱ्यात, तीन अंक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तेवढा एक तुम्हाला दिसला नाही?

तो माणूस पुस्तकात बघत नाही, भैया. पान उलटायचं असतं तेव्हा बोटानं चाचपडून उलटतो. दादा बोलतो तेव्हाही तो बघत नाही, गंगाधरराव बोलतात तेव्हाही नाही. तो जिथे बघतो तिथे मी आहे. आणि तिसऱ्या अंकात मी दाराशी थांबते, तेव्हा त्याच्या हातातलं पुस्तक हळूहळू खाली येतं आणि कमरेपाशी लोंबत राहतं. ध्वनिमुद्रण सदोष नाही. ट्रंकेची कडी वाजलेली ऐकू येते. पहिल्या रांगेत कोणी खोकलं ते ऐकू येतं. तिथे कोणी काही बोललंच नाही, म्हणून काही ऐकू येत नाही.

तुम्हाला आठवत असेल, दुसऱ्या दिवशी आमच्या दारात तुम्ही मला काय म्हणालात? "नटाने संवाद पाठ करावेत. प्रॉम्प्टर हा आधार आहे, पर्याय नव्हे." मी खाली मान घालून म्हटलं, "हव भैया." तेवढंच आपलं शेवटचं बोलणं.

मी संवाद विसरले नव्हते. तो मला आजही पाठ आहे. त्या दिवशी दुपारीच बाबांनी चारुदत्तच्या घरी लग्नाचा होकार कळवला होता. दादानं तुम्हाला सांगितलं होतं, मला माहीत होतं. मी दाराशी आले आणि मनात आलं, आज ही ओळ मी आपणहून म्हणणार नाही. विंगेतून आली तर म्हणीन. रोज श्वास घेतला की ओळ द्यायचे, आज देतील. मी थांबले. किती थांबले ते आज बघितलं. फार थांबले हो. ओळ आली नाही. मला वाटलं, यांना मी गेलेलीच हवी आहे. म्हणून ट्रंक उचलली आणि न बोलता निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शांतता काय झकास घेतली, म्हणाले.

चारुदत्त चांगला माणूस होता. संसार चांगला झाला, तक्रार कसलीच नाही, ती करायला हे लिहिलेलं नाही. पण मी त्या वेळी मागे वळून विंगेकडे बघितलं नाही. पाठ केलेली हालचाल तशी नव्हती. वळून बघितलं असतं तर मला दिसलं असतं ना, की पुस्तक खाली गेलं आहे?

फोन का धरला नाहीत, ते मला आता कळलं. अकरावं कलम बिचारं उगीच बदनाम झालं.

विमानाची सूचना होऊन राहिली. सिंगापूरला उतरले की ही फीत पुन्हा बंद होईल. ओजस म्हणतो, तिथेही व्हीपीएन घालून बघू. मी नको म्हटलं. पाहायचं होतं ते पाहून झालं.

ती ओळ मी इथे लिहीत नाही. ती देण्याचं काम माझं नव्हतं.

इरावती


तात्यापारा, रायपूर
२५ सप्टेंबर २०२५

प्रिय इरावती,

हा शब्द जानेवारीतही मला ठाऊक होता.

तुझे पत्र आले तेव्हा श्रावणी येथेच होती. तिने विचारले, "काका, तब्येत ठीक नाही का? चेहरा असा काहून दिसून राहिला?" मी तिचे वाक्य दुरुस्त केले नाही, तेव्हा ती घाबरली व डॉक्टरांना फोन करावयास निघाली. तिला थांबवून खाली बसविले आणि सर्व सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, "मतलब तुम्ही ते अख्खं वाचलं, टिक मारली, आणि मग त्याच्यामागे लपले?" होय, असे मी म्हणालो. या उत्तरात सुधारणा करण्यासारखे काही नाही.

चित्रफितीतील त्या माणसास मी प्रथम जानेवारीत पाहिले. त्यापूर्वी तो कसा दिसतो याची मला कल्पना नव्हती. विंगेत उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचे दर्शन घडत नसते. माझी अशी समजूत होती की, ते मी चांगले लपविले आहे. चित्रात पाहिले, तर ते कंदिलाइतके उघड आहे. गंगाधररावांना दिसत असणार. निरंजनला दिसत असणार. अभिवादनाच्या वेळी तुझ्या डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी तो एकदा विंगेकडे पाहून हसतो. ते हसू मी माझ्या वर्णनात खिशाच्या नावे घातले. तू पाहिलेसच.

ओळ मला पाठ होती. पुस्तकाची गरज नव्हती. परंतु ती ओळ झाली की सून जाते, असे नाटकात लिहिलेले होते. मी दिली असती तर तू ती म्हणून निघून गेली असतीस. न दिल्यास तू उभी राहतेस, एवढेच त्या क्षणी मला समजत होते, आणि तू जितका वेळ उभी होतीस तितका वेळ ते खरेही होते. तू ओळीवाचून जाशील, हे माझ्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी मी तुला जे बोललो ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

'रंगपेटी'चे उत्तर अखेर आले. पाटीवरील जादा 'आहे' त्यांनी काढून टाकला असून त्याबद्दल माझे आभार मानले आहेत. आता ती पाटी शुद्ध झाली. तिचा अर्थ तोच राहिला.

तुझ्या फेब्रुवारीतील पत्रात एक प्रश्न होता: रायपूरला येऊन उतरू कोणाकडे? त्याचे उत्तर मी दिले नाही. वास्तविक तो प्रश्न होता हे मला प्रथम वाचनातच कळले होते. पुढची खोली रिकामी आहे. तिला रस्त्याकडची खिडकी आहे, जिन्याची गरज पडत नाही, आणि तेथून तुमच्या जुन्या घराच्या गच्चीचा कठडा अजून दिसतो. नव्या मालकांनी त्याला हिरवा रंग दिला आहे, त्यास माझा इलाज नाही. भारताच्या ई-व्हिसाच्या अटी मी संपूर्ण वाचल्या. तुला अडविणारे त्यात काही नाही. श्रावणी विमानतळावर गाडी घेऊन येईल, ती म्हणते, "काकांनाही आणीन, पण बोलू देणार नाही." तुला चालत असेल तर मीही येईन.

एक काम राहिले आहे. तू दाराशी आहेस. ट्रंक खाली ठेवली आहेस. पुस्तक मी मिटून ठेवले आहे आणि तुझ्याकडेच पाहत आहे. प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, उशिरा, परंतु जशीच्या तशी देतो. तू फक्त माझ्यामागून म्हण:

"दार उघडं ठेवा. मी परत येणार आहे."

रत्नाकर